ऑस्टरमन मोठी की कॅव्हन? दोन काळातल्या दोन पिचरची तुलना करायची तरी कशी

६ जून २०२५ च्या रात्री ओक्लाहोमा सिटीत युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या मुलींनी अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. निर्णायक सामन्यात टेक्सास टेकला त्यांनी १०-४ असं हरवलं. या संघाचं हे पहिलंच विजेतेपद. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली टीगन कॅव्हन, कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षात असलेली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. आणि लगेच तो प्रश्न आला, जो टेक्सासच्या कुठल्याही चांगल्या पिचरच्या वाट्याला येतोच: ही कॅट ऑस्टरमनच्या तोडीची आहे का?

प्रश्न साधा वाटतो. दोघींचे आकडे शेजारी ठेवा, बघा, संपलं. तसं केलं तर मात्र उत्तर हमखास चुकतं. कसं चुकतं ते इथे सविस्तर सांगतो, कारण क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना हा गुंता पटकन उमजेल. गावसकर आणि तेंडुलकर यांची सरासरी शेजारी ठेवून वाद मिटला असता, तर तो इतकी वर्षं चालला नसता.

आधी खेळाची थोडी ओळख. शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. सामना सात इनिंगचा, प्रत्येक इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन आउट, म्हणजे एका पिचरला पूर्ण सामन्यात एकवीस आउट घ्यायचे असतात. चेंडू खालून, हात पूर्ण गोल फिरवून टाकायचा. पिचरची जागा होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते तिथपासून, ४३ फुटांवर, आपल्या क्रिकेटच्या बावीस यार्डांच्या दोन-तृतीयांश. अंतर कमी असल्यामुळे ताशी ६५ मैलांचा चेंडूसुद्धा हातातून सुटल्यावर सेकंदाच्या चार-दशांश भागात बॅटरपर्यंत पोहोचतो. बेसबॉलमध्ये ९५ मैलांच्या चेंडूला बॅटरकडे जवळपास तेवढाच वेळ असतो. तेवढ्यात चेंडू ओळखायचा, ठरवायचं आणि बॅट फिरवायची.

आता ऑस्टरमन. ह्यूस्टन परिसरातली, सहा फूट दोन इंच उंचीची डावखुरी पिचर. टेक्सासकडून २००२, २००३, २००५ आणि २००६ असे चार हंगाम खेळली. मधलं २००४ रिकामं आहे, कारण त्या वर्षी ती अमेरिकेच्या संघातून अथेन्स ऑलिंपिकला गेली आणि सुवर्णपदक घेऊन आली. चार हंगामांत १,१०५ इनिंग, २,२६५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे चुकवलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू, झाले की बॅटर आउट), १३६ विजय, २५ पराभव. वीस सामन्यांत समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, मिळाली नाही. त्यातले सात तर ‘परफेक्ट गेम’: एकवीस जणी आल्या, एकवीस जणी परत गेल्या, एकही बेसवर (धाव पुरी करायला ओलांडावे लागणारे टप्पे) पोहोचली नाही. आणि सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आकडा, ईआरए, ०.५१.

कॅव्हनचा २०२५ च्या हंगामाचा ईआरए होता २ च्या थोडा वर. झालं, निकाल लागला? एकीने सामन्यामागे अर्धी धाव दिली, दुसरीने दोन. चौपट फरक.

इथेच थांबायला हवं.

ईआरए म्हणजे पिचरने दर सात इनिंगमागे दिलेल्या ‘अर्न्ड’ धावा. सगळ्या दिलेल्या धावा त्यात येत नाहीत. फिल्डरच्या चुकीमुळे झालेल्या धावा बाजूला काढल्या जातात. मी जिल्हा पातळीवरच्या शालेय सामन्यांत स्कोअरशीट लिहायला बसत आलोय, तिथे हे अगदी जवळून दिसतं. शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे, सरळ चेंडू गेला, तिच्या ग्लोव्हमधून सुटला, की रकान्यात लिहायचं ई-६. ई म्हणजे एरर, सहा हा शॉर्टस्टॉपचा क्रमांक. पण चेंडू अलीकडे उसळला असेल तर? ती तीन पावलं उजवीकडे पळून तिथवर पोहोचली असेल तर? मग ती चूक की हिट? हे ठरवायचं स्कोअररने, एका नजरेत, पुढचा चेंडू पडायच्या आत. चूक ठरली तर धाव पिचरच्या नावावर चढत नाही, हिट ठरली तर चढते. पेन्सिल धरलेल्या एका माणसाच्या मतावर तो आकडा हलतो, हे मी स्वतःच्या हातांनी अनुभवलंय. आणखी एक गंमत अशी की पिचरने स्वतःच चेंडू अडवताना किंवा फेकताना चूक केली, तरी त्यातून झालेली धाव ‘अनअर्न्ड’च. उलट, तिने चेंडू इतका वेडावाकडा टाकला की कॅचरला आवरलाच नाही, तर ती वाइल्ड पिच आणि त्यातून झालेली धाव तिच्याच खात्यात.

म्हणजे ईआरए हा पिचरचा आकडा आहे, पण एकटीचा नाही. तिच्यामागे उभ्या असलेल्या फिल्डर किती चपळ आहेत, मैदान कसं आहे, स्कोअरर कडक आहे की सढळ, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं.

कॅव्हनचं २०२५ चं उदाहरण याहून बोलकं. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे विमेन्स कॉलेज वर्ल्ड सीरिजमध्ये, तिने ३१ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंग टाकल्या आणि एकही अर्न्ड धाव दिली नाही. ईआरए चक्क शून्य. पण निर्णायक सामन्यातच समोरच्यांच्या चार धावा झाल्या होत्या! धावा फलकावर दिसतात, तिच्या खात्यात नाहीत. त्या चार धावा सोडून देऊन तिला ‘अभेद्य’ म्हणणं जितकं अर्धवट, तितकंच त्या तिच्या डोक्यावर मारणंही अर्धवट.

शिवाय ३१ इनिंग म्हणजे किती? ऑस्टरमनच्या कारकिर्दीतल्या इनिंगच्या तीन टक्केही नाहीत. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात म्हणून. पिचरचे सामने तसे नसतात. समोरचा संघ बदलतो, वारा बदलतो, खांदा दुखतो, एखाद्या दिवशी बोटांना चेंडूची शिवण बरोबर लागते आणि एखाद्या दिवशी लागतच नाही. आठवडाभराच्या शून्यावरून कारकीर्द मोजता येत नाही. तो आठवडा मोठा होता हे मात्र कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

मग एकटीचा म्हणावा असा आकडा कुठला? माझ्या मते स्ट्राइकआउट. तिथे फिल्डरचा हात लागत नाही, कॅचर सोडली तर सगळं पिचर आणि बॅटर यांच्यातच घडतं. आणि तिथे ऑस्टरमनची उंची दिसते. १,१०५ इनिंग म्हणजे ३,३१५ आउट. त्यातले २,२६५ स्ट्राइकआउट. शंभरातले अडुसष्ट! दर सात इनिंगमागे चौदाहून थोडे जास्त. याचा अर्थ सरासरी सामन्यात तिच्या मागच्या सात फिल्डरना मिळून जेमतेम सात आउट करायला उरत. कॅव्हन चांगली पिचर आहे, तरी तिचं हे प्रमाण २०२५ मध्ये ऑस्टरमनच्या निम्म्याच्या आसपास होतं. तिच्या चेंडूंवर बॅट लागते, चेंडू जमिनीवरून सरपटत जातो किंवा हवेत उंच उडतो, आणि फिल्डर आउट करतात. ही वेगळ्या प्रकारची पिचिंग आहे. फिरकी गोलंदाज स्लिपमध्ये आणि शॉर्ट लेगला झेल मिळवतो म्हणून त्याला त्रिफळे उडवणाऱ्यापेक्षा कमी समजत नाही आपण. पण कोण किती स्वतःच्या बळावर उभी आहे, हे या एका भागाकारातून कळतं.

ऑस्टरमनने हे केलं कसं, हेही सांगायला हवं, कारण ती काही तुफान वेगाची पिचर नव्हती. ताशी सत्तर मैलांवर चेंडू टाकणाऱ्या पिचर तिच्या आधीही होत्या, नंतरही झाल्या. ती त्याहून बरीच हळू टाकायची. तिचं बळ फिरकीत होतं. तिचा ड्रॉप बॉल आठवा, किंवा पाहिला नसेल तर असा विचार करा: हात गोल फिरून मांडीपाशी येतो, बोटं चेंडूच्या वरून पुढे सरकतात, चेंडूला पुढच्या दिशेने गरगर मिळते. आपल्या लेगस्पिनरचा टॉपस्पिनर जसा अपेक्षेपेक्षा आधीच खाली बसतो, तसाच हा. बॅटरला वाटतं चेंडू मांडीच्या उंचीवर येतोय, बॅट निघते, आणि चेंडू गुडघ्याखाली गेलेला असतो. उलट दिशेने फिरकी दिली की राइज बॉल. हा चेंडू ‘वर चढतो’ असं म्हणतात खरं. प्रत्यक्षात तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो, आणि डोळ्याला चढल्यासारखा दिसतो. दोन्ही चेंडू एकाच हालचालीतून, एकाच उंचीवरून सुटत असले की चार-दशांश सेकंदात बॅटरने कशावर विश्वास ठेवायचा?

आता काळाचा हिशेब. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याचंच होतं.

ऑस्टरमनच्या नंतरच्या वीस वर्षांत कॉलेज सॉफ्टबॉलमधली बॅटिंग पार बदलली. बॅट सुधारल्या, व्यायामाच्या पद्धती सुधारल्या, प्रत्येक पिचरचे व्हिडिओ बॅटरच्या फोनवर आले. २०२१ मध्ये ओक्लाहोमाच्या संघाने एका हंगामात १६१ होमरन (थेट कुंपणापार जाणारे फटके) मारले. म्हणजे ऑस्टरमन ज्या खेळात अर्धी धाव देत होती तो कमी धावांचा खेळ होता, आणि कॅव्हन ज्या खेळात दोन देते तो जास्त धावांचा. पन्नास षटकांच्या सामन्यातल्या गोलंदाजाची धावगती वीस षटकांच्या सामन्यातल्या गोलंदाजाशी सरळ लावून बघत नाही कुणी. इथेही तेच. योग्य तुलना म्हणजे प्रत्येकीला तिच्याच वर्षातल्या बाकीच्या पिचरच्या मध्ये उभं करणं, आणि ती त्यांच्यापेक्षा किती पुढे होती ते बघणं. तसं केल्यावर कॅव्हनचा ‘दोन’ पुष्कळ चांगला दिसू लागतो. ऑस्टरमन मात्र तरीही पुढेच राहते, कारण ती तिच्या काळातसुद्धा इतरांसारखी नव्हतीच. तीन वेळा, म्हणजे २००३, २००५ आणि २००६ मध्ये, ती अमेरिकेतली वर्षातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली. २००६ च्या एका हंगामात ६३० स्ट्राइकआउट घेतले तिने.

नियमही बदलले. ऑस्टरमनच्या काळात चेंडू टाकताना पिचरचा मागचा पाय जमिनीवरून घासत यायला हवा होता. दोन्ही पाय हवेत गेले तर तो नियमभंग. २०२४ च्या हंगामापासून कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये पिचरला अशी झेप घेण्याची मुभा मिळाली. पिचर करणाऱ्या मुलींना हे लगेच कळेल: पाय घासत आणायचं बंधन असलं की शरीराची सगळी लय त्याभोवती बांधावी लागते. कॅव्हनची पहिली कॉलेज मोसमच २०२४ ची, म्हणजे ती नव्या नियमातच आली.

स्पर्धेची रचनासुद्धा वेगळी. २००३ मध्ये ऑस्टरमन पहिल्यांदा कॉलेज वर्ल्ड सीरिजला गेली तेव्हा अंतिम फेरी एका सामन्याची होती. २००५ पासून ती तीनपैकी दोन सामने जिंकायची झाली. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण पिचरसाठी फार मोठा आहे. तीच बॅटर तुमचा तोच चेंडू पहिल्या सामन्यात तीनदा, दुसऱ्या सामन्यात तीनदा, तिसऱ्यात पुन्हा बघते. दर वेळी तिच्या डोळ्याला तो थोडा जास्त ओळखीचा होतो.

याचा पुरावा त्याच २०२५ च्या अंतिम फेरीत मिळाला, आणि तो कॅव्हनच्या समोरच्या पिचरकडून. टेक्सास टेकची नायजारी कॅनडी देशातली सर्वात गाजलेली पिचर. त्या वर्ल्ड सीरिजमध्ये निर्णायक सामन्यापर्यंत तिच्या संघाचा एकेक चेंडू तिनेच टाकला होता. पहिल्या सामन्यात टेक टेक्सासवर १-० ने पुढे होता. सहाव्या इनिंगमध्ये टेक्सासची कॅचर रीस अ‍ॅटवुड बॅटिंगला आली, बेसवर दोन जणी. टेकने ठरवलं की तिला मुद्दाम चार ‘बॉल’, म्हणजे आवाक्याबाहेरचे चेंडू, टाकून पहिल्या बेसवर पाठवून द्यायचं. तीन बॉल बाहेर पडले. चौथा मात्र प्लेटच्या जरा जास्तच जवळून आला, अ‍ॅटवुडने हात लांबवून तो डाव्या बाजूला मारला आणि दोघी धावत आल्या. २-१. तोच निकाल राहिला. दुसरा सामना टेकने ४-३ असा जिंकला. तिसऱ्या सामन्यात पहिल्याच इनिंगमध्ये टेक्सासने पाच धावा काढल्या आणि कॅनडीला बाहेर यावं लागलं. तिच्यात काही कमी नव्हतं. एवढे चेंडू एकाच खांद्यातून गेले होते आणि समोरच्यांनी ते पुरते वाचले होते. त्याच सामन्यात मिया स्कॉटने चौघींना घरी आणणारा ग्रँड स्लॅम मारला, आणि नंतर कळलं की ती गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळत होती.

हे सगळं मी कॅव्हनच्या लेखात एवढ्या तपशिलाने का सांगतोय? कारण विजेतेपद हा पिचरच्या मोजमापाचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा निकष आहे. टेक्सासला ऑस्टरमन असताना तीनदा वर्ल्ड सीरिज गाठता आली, २००३, २००५ आणि २००६ मध्ये, पण विजेतेपद आलं नाही. कॅव्हनने ते दुसऱ्याच वर्षी आणलं. ‘ऑस्टरमनला जे जमलं नाही ते हिने केलं’ हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. सामन्यामागे अर्धी धाव देणारी पिचर हरते तेव्हा काय झालेलं असतं? शून्य धावा करून कुणीही सामना जिंकू शकत नाही. पिचर धाव रोखू शकते, काढून देऊ शकत नाही. अ‍ॅटवुडचा तो फटका, स्कॉटचा तो ग्रँड स्लॅम कॅव्हनच्या पाठीशी होता.

त्याच न्यायाने कॅव्हनचं श्रेयही कमी करू नये. टेक्सासचा संघ २०२२ आणि २०२४ मध्ये अंतिम फेरीत ओक्लाहोमाकडून हरला होता. २०२४ ला ती पहिल्या वर्षात होती आणि त्या हरलेल्या संघात होती. तिथून एका वर्षात परत येऊन त्याच मैदानावर ९५ आउट घेणं आणि एकही अर्न्ड धाव न देणं, याला काळीज लागतं. त्यात त्याच हंगामात टेक्सास नव्या, जास्त कठीण कॉन्फरन्समध्ये (आपसात नियमित खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात), साउथईस्टर्नमध्ये, पहिल्यांदाच खेळत होता. ऑस्टरमनचा टेक्सास बिग ट्वेल्व्ह नावाच्या गटात होता.

एक चांगला मार्ग म्हणजे दोघींना एकाच टप्प्यावर पकडायचं: पहिल्या दोन हंगामांवर. ऑस्टरमनचे पहिल्या दोन हंगामांतले स्ट्राइकआउट ५५४ आणि ४८८, मिळून १,०४२. कॅव्हन त्याच्या जवळपासही नाही. पण इथेही एक खाच आहे. त्या काळात एका संघाची एकच प्रमुख पिचर बहुतेक सगळे सामने टाकायची. ऑस्टरमनच्या १,१०५ इनिंग चारांनी भागा, हंगामाला २७६ येतात. आता प्रशिक्षक दोघी-तिघींत काम वाटतात, खांदे जपतात. त्यामुळे एकूण बेरजेचे विक्रम नव्या मुलींना बहुधा गाठताच येणार नाहीत, आणि त्यावरून त्यांना छोटं ठरवणं अन्याय आहे. बेरीज बाजूला ठेवा, प्रमाण बघा.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत कुठेच दिसत नाही. ऑस्टरमनचे शेवटचे दोन हंगाम ऑलिंपिकनंतरचे आहेत. जगातल्या सर्वोत्तम बॅटरना अथेन्समध्ये चेंडू टाकून, सुवर्णपदक गळ्यात घालून ती कॉलेजच्या मैदानावर परतली होती. समोर अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. २००५ आणि २००६ चे तिचे आकडे सामान्य तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचे म्हणून वाचूच नयेत.

मग माझं उत्तर? पिचिंगची कला म्हणून ऑस्टरमन फार पुढे आहे, आणि काळाचे सगळे हिशेब लावल्यावरही पुढेच राहते. टेक्सासच्या इतिहासातला सर्वात मोठा आठवडा मात्र कॅव्हनचा. ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

कॅव्हनचे सामने पाहणार असाल तर ईआरएकडे थोडं कमी लक्ष द्या. कागदावर एकवीस चौकोन काढा. तिने स्वतः स्ट्राइकआउट केला की चौकोन भरा, फिल्डरने केला की नुसती रेघ मारा. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅटर तिच्या चेंडूला बॅट लावते की चुकते, तेही शेजारी टिपा. ऑस्टरमनच्या सरासरी सामन्यात एकवीसपैकी चौदा चौकोन भरलेले असत.